पुनर्विकास : माती परीक्षणाच्या कोटेशनमध्ये 'सीपीटी' आहे, ती लागते का? (सिंहगड रस्ता, नदीकाठ)

कोपऱ्यातला_सचिव

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्यावर, मुठा नदीपासून हाकेच्या अंतरावर. तळमजला अधिक तीन मजले, प्लॉट साधारण वीस गुंठे. कॉलमचे पोपडे निघायला लागलेत, म्हणून पुनर्विकासाला सगळ्यांनी (हो, सगळ्यांनी!) होकार दिलाय. आर्किटेक्टनं अकरा मजले आणि पार्किंगसाठी दोन तळघरं असा आराखडा दाखवला. आता पहिलं काम माती परीक्षणाचं.

दोन कोटेशनं आली आहेत. पहिल्यात चार बोअर, एसपीटी (घण ठोकून करायची मातीची चाचणी), खडकात कोअर ड्रिलिंग आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या. दुसऱ्यात दोन बोअर आणि सहा ठिकाणी 'सीपीटी'. दुसरं बऱ्यापैकी स्वस्त आहे. समितीतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, दोन आणि सहा मिळून आठ ठिकाणं होतात, म्हणजे माहिती जास्त आणि पैसे कमी. शिवाय एका सभासदांचा मुलगा रॉटरडॅमला असतो, तो म्हणाला की तिकडे हीच चाचणी करतात.

माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला, मातीतलं काही कळत नाही. रस्त्याच्या बाजूच्या शेजाऱ्यांना ३ मीटरवर खडक लागला होता. नदीकडच्या प्लॉटवर ८-९ मीटरपर्यंत भराव आणि गाळच निघाला असं ऐकलं. आम्ही मधे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शनिवारातला_शहाणा

लॉबीला ग्रॅनाइट की इटालियन यावर तीन सभा घेणारी सोसायटी पायाखालच्या मातीसाठी स्वस्त कोटेशन शोधते, हे वाचून पुण्यात आल्यासारखं वाटलं. बसतो इथंच, जाणकार येतीलच.

मुरूम_आणि_मी

सचिव, ही चाचणी काय आहे ते आधी सांगतो, मग पुण्याकडे येऊ.

सीपीटी म्हणजे कोन पेनिट्रेशन टेस्ट. टोकाला ६० अंशांचा पोलादी शंकू, त्याच्या तळाचं क्षेत्रफळ १० चौ. सें.मी., म्हणजे व्यास ३५.७ मि.मी. त्याच्या मागं १५० चौ. सें.मी. पृष्ठभागाची गुळगुळीत नळी असते, तिला फ्रिक्शन स्लीव्ह म्हणतात. एकाला एक दांड्या जोडत हे सगळं हायड्रॉलिक जॅकनं जमिनीत ढकलायचं, सेकंदाला २ सें.मी. अशा एकसारख्या वेगानं. यात ठोकणं नाही, फिरवणं नाही, भोक पाडून माती बाहेर काढणं नाही. शंकूच्या टोकाला किती विरोध होतोय आणि नळीच्या अंगाला माती किती घासतेय हे आतले सेन्सर दर काही सेंटिमीटरला नोंदवतात. पिझोकोन नावाच्या प्रकारात शंकूच्या लगेच मागं एक फिल्टर असतो, तो मातीतल्या पाण्याचा दाब मोजतो.

या आकड्यांवरून थर ओळखता येतात. वाळूत टोकाचा विरोध भरपूर आणि त्या मानानं घर्षण थोडं, दोन्हींचं गुणोत्तर १ टक्क्याच्या आसपास किंवा खाली. चिकणमातीत टोकाला विरोध कमी आणि गुणोत्तर ३-४ टक्के किंवा त्याच्याही वर. रॉबर्टसन यांनी १९८६ आणि १९९० मध्ये दिलेले तक्ते यासाठी जगभर वापरतात. मात्र तो तक्ता माती *वागते* कशी ते सांगतो. हातात चिमूटभर नमुनाही येत नाही.

आता रॉटरडॅमच्या चिरंजीवांबद्दल. ते बरोबरच सांगतायत, कारण ही चाचणी जन्मलीच तिकडे. १९३२ मध्ये बारेन्टसेन नावाच्या डच सरकारी अभियंत्यानं गॅसच्या साध्या पाइपमध्ये १५ मि.मी.ची सळई घातली, तिच्या टोकाला शंकू लावला आणि हातानं दाबून चार मीटर जाडीच्या भरावाची ताकद मोजली. मग डेल्फ्टच्या प्रयोगशाळेनं १० टन ढकलणारं यंत्र बनवलं. १९५३ मध्ये बेगेमन यांनी घर्षण मोजणारी नळी जोडली. १९६५ मध्ये इलेक्ट्रिक शंकू आला. तिथल्या जमिनीचा प्रश्नच असा आहे की वर मऊ चिकणमाती आणि पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती), खाली कुठंतरी भक्कम वाळू. ॲमस्टरडॅममधली जुनी घरं सुमारे १२ मीटर खोलीवरच्या वाळूच्या थरात टेकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. ती वाळू नेमकी कुठं लागते आणि किती घट्ट आहे, एवढं अचूक कळलं की डच माणसाचं निम्मं काम झालं. त्यासाठी शंकूसारखं दुसरं साधन नाही.

आपल्याकडे वर काळी माती किंवा नदीचा गाळ, खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्ट. मुरमात शंकू अडतो. हिशेब करून बघा. टोकाचा विरोध ५० मेगापास्कल झाला, तर १० चौ. सें.मी.वर ५ टन भार येतो. बहुतेक शंकू ५० ते १०० मेगापास्कलपर्यंतच मोजायला बनवलेले असतात, आणि पक्क्या बेसॉल्टची नुसती दाबशक्तीच १०० मेगापास्कलच्या पुढे जाते. म्हणजे तुमच्या प्लॉटवर रस्त्याच्या बाजूला तीनेक मीटर गेल्यावर यंत्र थांबणार, ऑपरेटर 'रिफ्युजल' लिहिणार आणि पुढच्या ठिकाणी जाणार.

कोपऱ्यातला_सचिव

समजलं. म्हणजे ढोकळा शिजला का बघायला सुरी खुपसतो, तसं. पण मग खडक किती खोल आहे हे तरी सहा ठिकाणी कळेलच ना? जिथं थांबलं तिथं खडक.

बोअरवाला_नाना

सचिवसाहेब, तिथंच तर लोक फसत्यात. मी बोअर मशीनवर आयुष्य काढलंय. मुरमात गोटे असत्यात. खडक कुजताना त्याचा कांदा होतो, बाहेरची सालपटं मुरूम बनत्यात आणि मधला गड्डा तसाच टणक राहतो. दीड-दोन फुटी गोटा असला तर वरून खडकच वाटतो. मशीन त्याच्यावर टेकलं की लागला खडक! खाली परत मुरूम न् माती. आमचं बिट गोट्यातनं आरपार जातं म्हणून आम्हाला कळतं. नुसतं वरून दाबणाऱ्याला कसं कळायचं?

आणि तुमच्या नदीकाठच्या भरावात राडारोडा असणार. विटा, काँक्रीटचे तुकडे, कधी कधी अख्खी लिंटल. तिथं दांडी वाकडीच जाती.

मुरूम_आणि_मी

नानांना +१. आधुनिक शंकूत कल मोजायचा सेन्सर असतो, दांडी तिरकी चालली की ऑपरेटरला थांबावं लागतं. तरीही राडारोड्यात शंकू तुटण्याचं भय असतं, म्हणून वरचा भराव आधी वेगळ्या ड्रिलनं पार करतात. तिथं स्वस्ताईचं गणित संपलं.

खडकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'खडक लागला' हे वाक्य पुण्यात उत्तर म्हणून खपतं आणि ते पुरेसं नसतं.

दख्खनचा खडक लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण असतो, वरचा भाग पोकळ्यांनी भरलेला. त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं बसलेली असतात, विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधे बऱ्याचदा गेरूचा तांबडा पट्टा असतो, काही सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत. हा गेरू आत दडलेला असताना बरा वाटतो. उघडा पडून त्याला हवा-पाणी लागलं की त्याचा चुरा होतो. तळघराच्या खोदकामात नेमका पायाच्या पातळीला किंवा त्याच्या मीटरभर खाली गेरू आला, तर वरच्या पाषाणाचा 'भक्कमपणा' कागदावरच राहतो.

म्हणून बोअर खडकाला टेकवून थांबवायचा नसतो, खडकात काही मीटर न्यायचा असतो. डबल ट्यूब बॅरलनं, म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांनी, कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढायची. दीड मीटरच्या धावेत, म्हणजे ड्रिलिंगच्या एका टप्प्यात, किती लांबीची कोअर मिळाली ते रिकव्हरी. त्यातले १० सें.मी. किंवा त्याहून लांब तुकडे तेवढे घेऊन त्यांच्या लांबीची बेरीज केली आणि १५० नं भागली की आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याचं माप. समजा असे तुकडे ९० सें.मी. भरले, तर आरक्यूडी ६० टक्के. तुमच्या इमारतीचा पाया ठरवायला हा आकडा लागेल, आणि शंकू तो जन्मात देणार नाही.

दुसरं_वर्ष_सिव्हिल

सर, एक शंका. आम्हाला एसपीटी आणि सीपीटी दोन्ही शिकवल्या. एसपीटीमध्ये ६३.५ किलोचा घण ७५ सें.मी.वरून टाकतात, नमुना घ्यायची नळी ४५ सें.मी. आत जाते आणि शेवटच्या ३० सें.मी.चे ठोके म्हणजे एन. पुस्तकात सीपीटी जास्त अचूक म्हटलंय. मग पुण्यात सगळे एसपीटीच का करतात? सवय म्हणून?

मुरूम_आणि_मी

सवय आहेच, खोटं कशाला बोलू. पण कारणंही आहेत. एसपीटीची नळी नमुना घेऊन वर येते. काळ्या मातीला नमुना लागतोच, कारण तिचा खरा त्रास ताकदीचा नाही, फुगण्या-आकसण्याचा आहे. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसून वावभर भेगा पडतात. फुगण्याचा दाब, फ्री स्वेल इंडेक्स, लिक्विड लिमिट या प्रयोगशाळेतल्या गोष्टी आहेत. एप्रिल-मे महिन्यात काळ्या मातीत शंकू ढकललात तर सुकून कडक झालेल्या थरात तो झकास विरोध दाखवेल, आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी निम्माही दाखवणार नाही. शिवाय पाण्याच्या पातळीच्या वर मातीत हवा असते, तिथं पिझोकोनचा फिल्टर कोरडा पडतो आणि दाबाचे आकडे निरर्थक होतात.

मुरमात एसपीटीलाही रिफ्युजल येतो, तो भाग वेगळा. पण त्याच भोकातून तुम्ही कोअर बॅरल उतरवून पुढं जाऊ शकता. सीपीटीत यंत्र उचलून दुसरं आणावं लागतं.

खाडीतला_गाळ

थांबा, सीपीटीची बाजू घ्यायला मी आले. ऑफिस पुण्यात, साइट उरण-उलवे पट्ट्यात. तिथं येऊन एसपीटीचं कौतुक करून दाखवा, काका!

आमच्याकडे काळपट करडी सागरी चिकणमाती आहे, कुठं कुठं दहा-पंधरा मीटर जाड. एसपीटीला एनचा आकडा शून्य, एक, दोन. बऱ्याचदा घण नुसता दांड्यांवर ठेवला की आपल्याच वजनानं नळी खाली जाते. 'शून्य' या आकड्यावरून डिझाइन काय करणार? शून्य आणि शून्य यांत फरक कसा सांगणार? शंकू मात्र ०.३ आणि ०.५ मेगापास्कलमधला फरक नीट दाखवतो, आणि त्या फरकावर भराव उभा राहणार की घसरणार ते ठरतं.

@दुसरं_वर्ष_सिव्हिल, तुझ्यासाठी उदाहरण. ८ मीटर खोलीवर दुरुस्त केलेला टोकाचा विरोध ४०० किलोपास्कल आला. वरच्या मातीचं ओझं मीटरला १५ किलोपास्कल धरून १२०. वजाबाकी २८०. याला कोन फॅक्टरनं भागायचं, तो साधारण १० ते १८ मधे असतो, १४ धरू. उत्तर २० किलोपास्कल, ही चिकणमातीची निचरा न होतानाची कातरशक्ती. पण तो १४ कुठून आला हा प्रश्न विचारायलाच हवा. त्यासाठी त्याच जागी व्हेन शिअर चाचणी किंवा चांगल्या नमुन्यांवर ट्रायॲक्सियल करून आपल्या साइटचा फॅक्टर काढायचा. नुसता पुस्तकातला घेतला तर उत्तर १६ ही येईल आणि २८ ही.

'दुरुस्त केलेला' म्हणजे काय, तर शंकूच्या मागच्या फटीतून पाणी त्याला आतून ढकलत असतं, ते धरून आकडा सुधारायचा. कडक मातीत हा फरक नगण्य असतो. मऊ चिकणमातीत तो विसरलात तर सगळंच चुकलं.

आणखी एक गंमत म्हणजे डिसिपेशन टेस्ट. शंकू एका खोलीवर थांबवायचा आणि वाढलेला पाण्याचा दाब किती वेळात उतरतो ते बघत बसायचं. अर्धा दाब उतरायला लागलेल्या वेळेवरून पाण्याचा आडवा निचरा कळतो. त्यावर पीव्हीडी, म्हणजे जमिनीत उभ्या घालतात त्या निचऱ्याच्या पट्ट्या, किती अंतरावर हव्यात आणि भराव किती महिने ठेवायचा ते ठरतं. वाळूत दाब सेकंदांत उतरतो, आमच्या चिकणमातीत तासन्‌तास लागतात. ऑपरेटर छत्री उघडून डबा खातो.

नमुन्यांचं म्हणाल तर इतका मऊ नमुना उरणहून टेम्पोत घालून खंडाळ्याचा घाट चढवून पुण्याच्या प्रयोगशाळेत आणायचा, आणि मग तो 'अनडिस्टर्ब्ड' आहे असं लिहायचं. मला तरी ते लिहिताना हसू येतं. जमिनीत जागेवर मोजलेल्या आकड्यावर माझा जास्त विश्वास.

मुरूम_आणि_मी

अगदी मान्य, ताई. तुमच्या जमिनीत मीही शंकूच मागीन. माझं भांडण चाचणीशी नाही, सिंहगड रस्त्याशी आहे.

शनिवारातला_शहाणा

सिंहगड रस्त्याशी भांडण नसलेला माणूस दाखवा आणि हजार रुपये मिळवा.

पाया_ते_पॅरापेट

स्ट्रक्चरल डिझायनर आहे. चर्चा छान चाललीय पण एक साधी गोष्ट कुणी बोललं नाही. सचिव, तुम्ही दोन तळघरं म्हणालात. म्हणजे किमान ७ मीटर खोदकाम, पाया त्याच्याही खाली. ज्या मातीत शंकू जाऊ शकतो ती जवळजवळ सगळी माती डंपरमधून जाणार आहे! तुमचा पाया जिथं बसणार तिथं शंकू पोचतच नाही. मग सहा ठिकाणची सीपीटी कशासाठी?

वरच्या मातीची माहिती नकोच असं नाही. खोदकामाच्या कडा कोसळू नयेत म्हणून शोअरिंग करावं लागेल, त्याला मातीची ताकद आणि वजन लागतं. नदीकडच्या बाजूला भराव ९ मीटर असेल तर तिथं तर नक्की. पण मला डिझाइनला सगळ्यात आधी काय हवं ते सांगतो. खडकाची पातळी कुठून कुठं उतरते, आणि पाणी.

खडक एका कोपऱ्यात ३ मीटरवर आणि दुसऱ्यात ९ वर असेल, तर एकाच राफ्टचा (इमारतीखालच्या सलग पायाचा) अर्धा भाग खडकावर आणि अर्धा गाळावर येऊ शकतो. इमारत खचली तरी एकसारखी खचली तर निभावतं, एकीकडे खचली तर कॉलम-बीममध्ये तडे. त्यामुळे नदीकडच्या दोन्ही कोपऱ्यांत बोअर हवेतच.

पाण्याचं तर विचारूच नका. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत काय झालं ते तुमच्या रस्त्यावरच्यांना सांगायला नको. भूजल जमिनीच्या पातळीपर्यंत आलं असं धरलं तर ७ मीटर खोल तळघराच्या तळाला चौरस मीटरला ७ टनांची वर उचलणारी ताकद येते. इमारत पूर्ण उभी राहिल्यावर तिचं वजन पुरेल, पण बांधकाम चालू असताना दुसऱ्याच मजल्यावर पावसाळा आला तर? एका बोअरमध्ये जाळीदार पीव्हीसी पाइप बसवून ठेवा आणि वर्षभर, निदान एक पावसाळाभर, पाण्याची पातळी लिहा. टेप आणि वही पुरते.

दुसरं_वर्ष_सिव्हिल

भूकंपात लिक्विफॅक्शन, म्हणजे हादऱ्यानं माती पातळ होणं? आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत त्यासाठी सीपीटीची पद्धत दिलीय, आणि पुणे तिच्यात झोन तीनमध्ये आहे. कोयनेचा १९६७ चा भूकंपही इथं जाणवला होता.

पाया_ते_पॅरापेट

प्रश्न चांगला आहे. त्यासाठी पाण्याखाली सुटी वाळू किंवा बारीक गाळ हवा आणि तो पायाखाली राहायला हवा. इथं तो खोदून जाईल. नदीकडच्या कोपऱ्यात पायाखाली गाळ उरलाच, तर तिथं तपासायचं, आणि तिथं एखादी सीपीटी केली तर मी पैसे वाया गेले म्हणणार नाही.

मुरूम_आणि_मी

सचिव, एक विचारायचं राहिलं. कोटेशनमध्ये सीपीटीच्या ओळीत आयएस कोड लिहिला असेल. कोणता आहे? आकडा आणि *भाग*, दोन्ही सांगा.

कोपऱ्यातला_सचिव

आत्ता फाइल काढली. 'आयएस ४९६८, भाग १' असं आहे. सहा ठिकाणं, 'रिफ्युजलपर्यंत'.

मुरूम_आणि_मी

वाटलंच होतं. मग आम्ही वर जे काही लिहिलं ते या कोटेशनला लागूच नाही!

आयएस ४९६८ चे तीन भाग. भाग ३ (१९७६ चा) स्टॅटिक कोन, म्हणजे ढकलायची चाचणी, जिच्याबद्दल आम्ही बोलतोय. भाग १ आणि २ डायनॅमिक कोन. तिथं ६५ किलोचा घण ७५ सें.मी.वरून टाकतात आणि शंकू दर १० सें.मी.ला किती ठोके घेतो ते मोजतात. भाग १ मध्ये शंकू ५० मि.मी. व्यासाचा. घर्षणाचं माप नाही, पाण्याचा दाब नाही, नमुना नाही. हाती येते ती फक्त ठोक्यांची यादी. तिला डीसीपीटी म्हणायला हवं, कोटेशनवाल्यांनी 'डी' गाळलाय. मुद्दाम की नजरचुकीनं ते मी कसं सांगू? पण रॉटरडॅममध्ये करतात ती ही चाचणी नव्हे, एवढं समितीला खुशाल सांगा. स्वस्त का आहे तेही कळलं.

चाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या माळावर दोन बोअरच्या मधे मऊ पट्टा दडलाय का, ते बघायला ती पटकन आणि थोडक्यात होते. आयएस १८९२ या माती तपासणीच्या कोडच्या १९७९ च्या आवृत्तीत असंच सुचवलंय : फार मोठी जागा असेल तर ५० मीटरच्या जाळीत कोन चाचण्या घ्याव्यात, आलेख किती बदलतात ते बघावं आणि त्यावरून बोअर किती ते ठरवावं. तुमचा प्लॉट वीस गुंठ्यांचा. त्याच कोडमध्ये ०.४ हेक्टर, म्हणजे तुमच्या दुप्पट आटोपशीर जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, असे पाच बोअर किंवा खड्डे पुरे म्हटलंय. तुमचा प्लॉट निम्मा असला तरी खडकाचा उतार बघता मी पाचच्या खाली जाणार नाही.

बोअरवाला_नाना

डीसीपीटी गोट्यावर बसली की ठोके शंभर. मुरूम असला तरी शंभर, खडक असला तरी शंभर. वर काय ओळखणार?

कोपऱ्यातला_सचिव

मग दुसऱ्या कंपनीला काय कळवू? त्यांना एकदम नाही म्हणावं का? माणसं वागायला चांगली वाटली.

पाया_ते_पॅरापेट

नाही कशाला म्हणता? दोघांनाही एकच कामाची यादी द्या आणि त्याच यादीवर दर मागा. आता तुम्ही आंब्याच्या पेटीचा भाव आणि फणसाचा भाव शेजारी लिहून बेरीज करताय. यादी तुमच्या स्ट्रक्चरल डिझायनरनं करायची असते, बोअरवाल्यानं नाही.

पाच बोअर लिहा, त्यातले दोन नदीकडच्या कोपऱ्यांत. खोली 'रिफ्युजलपर्यंत' असं लिहू नका, तळघराच्या तळाच्या खाली खडकात किमान ५ मीटर असं लिहा, आणि त्यात गेरू किंवा कुजका पट्टा आला तर तो ओलांडून पुढं. मातीत दीड मीटरला एसपीटी, खडकात डबल ट्यूब. एका बोअरमध्ये पाण्याचा पाइप. प्रयोगशाळेत कोअरची दाबशक्ती, मातीचं फुगणं, आणि पाणी-मातीतले सल्फेट-क्लोराइड. नदीकडच्या बाजूला पायाखाली गाळ राहतोय असं पहिल्या दोन बोअरमध्ये दिसलं, तर भाग ३ ची सीपीटी ऐच्छिक बाब म्हणून वेगळ्या दरानं मागून ठेवा. दिसलं नाही तर करायची नाही.

बोअरच्या मधली खडकाची पातळी हवी असेल तर डीसीपीटीपेक्षा सिस्मिक रिफ्रॅक्शनच्या (जमिनीत कंप सोडून खडकाची खोली काढायच्या पद्धतीच्या) एक-दोन रेषा घ्या. जुनी इमारत पाडल्यावर जागा मोकळी मिळेल तेव्हा.

खाडीतला_गाळ

पाडल्यावर वरून आठवलं, सगळे बोअर आत्ताच करू नका. इमारत उभी असताना मोकळ्या अंगणात जेवढे होतील तेवढे करा, मधला बोअर पाडकामानंतर. कोटेशनमध्ये दोन टप्पे लिहून घ्या, नाहीतर यंत्र परत आणायचे वेगळे पैसे लावतात.

बोअरवाला_नाना

आणि काम चालू असताना सोसायटीचं एक माणूस तिथं पाहिजे. रोज. खुर्ची टाकून बसला तरी चालेल. कोअर निघाली की पेटीत ओळीनं लागली पाहिजे, प्रत्येक धावेच्या शेवटी लाकडी ठोकळा, त्याच्यावर खोली लिहिलेली. पेटीचा फोटो त्याच दिवशी काढा, शेजारी टेप ठेवून. कोअर निघाली नाही तर मोकळी जागा मोकळीच ठेवायची, तुकडे सरकवून भरायची नाही. आणि बोअरमध्ये सोडलेलं पाणी अचानक कुठल्या खोलीला गायब झालं ते लिहून घ्या, तिथं भेग नाहीतर पोकळी असती. ड्रिलरला चहा द्या, तो सगळं सांगतो. अहवालात येत नाही ते पण सांगतो.

मुरूम_आणि_मी

पाणी गायब होण्याचा मुद्दा सोन्यासारखा आहे, आणि अर्ध्या अहवालांत तो नसतो.

कोपऱ्यातला_सचिव

सगळ्यांचे आभार. काल समितीपुढे धागा छापूनच नेला. रॉटरडॅमच्या चिरंजीवांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांना 'भाग १' सांगितल्यावर तेच म्हणाले की ही ती नव्हे. आर्किटेक्टमार्फत डिझायनरकडून यादी येतेय, दोघांना तीच देणार. दुसऱ्या कंपनीनं फोनवर सांगितलं की पाच बोअरचा दर देतो, काही अडचण नाही.

एकच प्रश्न उरला. कोअरच्या पेट्या किती दिवस सांभाळायच्या? पाच बोअरच्या मिळून बऱ्याच होतील.

पाया_ते_पॅरापेट

पायाचं खोदकाम पूर्ण होऊन खडक उघडा पडेपर्यंत. तेव्हा अहवाल, पेटी आणि समोरचा खडक तिन्ही शेजारी ठेवून बघायचे. फरक दिसला तर पाया ओतण्याआधीच मला फोन यायला हवा, नंतर नको. पेट्या पावसात ठेवू नका, गेरूचा चुरा होईल आणि मग कुणीही म्हणेल की तो मुळातच तसा होता.

कोपऱ्यातला_सचिव

जिन्याखाली जागा आहे, पण तिथं कुणाच्यातरी सायकली पडल्यात.

शनिवारातला_शहाणा

सायकली हलवायला विशेष सर्वसाधारण सभा, दोन तृतीयांश बहुमत. बोअर त्याच्या आधी होतील.